गावचे दप्तर आणि गावकऱ्यांचा अधिकार

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे स्थानक लागते. हा सारा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानच्या कारभाराची भाषा उर्दू होती. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या जमिनीची व साऱ्याची सरकारी नोंद त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत होई. गावपातळीवरचे मराठी कागदही बहुधा मोडीत असत. दप्तर कुलपात असो वा उघडे, रयतेला दोन्ही सारखेच. कागद वाचून दाखविणारा जे सांगेल ते खरे मानावे लागे. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हाही मोडी व उर्दूच्या जाणकारांची मदत घ्यावी लागली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आला आणि स्वातंत्र्यानंतरही तो कायम राहिला. स्वीडनने शासकीय कागद पाहण्याचा हक्क १७६६ मध्येच मान्य केला होता. आपल्याकडे १९७५ मध्ये राज नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जनतेला कारभार जाणून घेण्याचा हक्क असल्याचे म्हटले. परंतु त्या निर्णयाने गावातील दप्तर उघडले नाही. ते उघडण्याची मागणी मजुरांकडून आली. राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या भरविल्या व हजेरीपट चारचौघांत वाचून दाखविले. हजेरीपट, म्हणजे आपले मस्टर, महाराष्ट्राला नवे नाही. १९७२ च्या दुष्काळातील कामांनी व पुढे १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने ते खेडोपाडी पोचले होते. त्यावर नाव कोणाचे, अंगठा कोणाचा, हा प्रश्न थेट पोटाशी निगडित होता.

महाराष्ट्राचा २००० चा पहिला कायदा अपुरा ठरला. त्याच्या जागी आलेल्या २००२ च्या कायद्याला अण्णा हजारे यांच्या उपोषणानंतर ऑगस्ट २००३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णपणे लागू झाला.

या अधिनियमातील तीस दिवसांची मुदत बहुतेकांना ठाऊक असते. इतर काही तरतुदी मात्र कार्यालयातही फारशा कोणी उच्चारीत नाही. अर्जदाराने माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही. ज्याला लिहिता येत नाही, त्याची तोंडी विनंती लेखी स्वरूपात आणण्यास माहिती अधिकाऱ्याने साहाय्य करावयाचे आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. नागरिकाला केवळ कागदाची प्रत नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार आहे. नालीच्या काँक्रीटमध्ये किती सिमेंट पडले, हे यामुळे विचारता येते.

या सर्वांहून महत्त्वाचे कलम चार होय. कोणी अर्ज करण्यापूर्वीच कार्यालयाने आपली कर्तव्ये, अंदाजपत्रक, लाभार्थींची माहिती प्रसिद्ध करावी आणि ती प्रसिद्ध करताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा, असे ते सांगते. आमच्या मते अर्जांची वाढती संख्या हे जागृतीचे लक्षण असेलही. पण एकाच कामाविषयी दहा अर्ज येत असतील, तर त्या कामाचा फलक कोठे आहे, हे सरपंच व पंचायत अधिकाऱ्यांनी आधी पाहावे. अर्ज करणाऱ्याला गावात ‘तक्रारखोर’ म्हटले जाते. भिंतीवर लिहिलेला खर्च वाचणाऱ्याला कोणी तसे म्हणत नाही.

अर्थात फलक मराठीत आहे म्हणून तो समजतोच असे नाही. ‘प्रशासकीय मान्यता’, ‘मूल्यांकन’, ‘अखर्चित निधी’ हे शब्द पिंगळीसारख्या गावातील वृद्ध शेतकऱ्याला उर्दूइतकेच परके वाटू शकतात. नालीची लांबी किती, पैसे किती आले, किती खर्च झाले व कोणाला दिले, इतके साध्या शब्दांत लिहिणे अवघड नाही. येथे शिक्षकांना मोठे काम आहे. सातवी-आठवीचे विद्यार्थी फलकावरील लांबी टेपने मोजून पाहू शकतात. क्षेत्रफळाचा धडा तसाही शिकवायचाच असतो. ग्रामसभेत जमाखर्च घाईने वाचून ‘मंजूर’ म्हणवून घेण्याची पद्धत असेल, तर एखाद्या सदस्याने उठून तो सावकाश, एकेक रक्कम थांबून वाचावयास सांगावे.