मुक्त संगणक प्रणाली : पेढी कोठे मांडली, यावर मदतीचे गणित

जानेफळसारख्या गावातही दुकानाची बिले आणि साठा संगणकावर ठेवता येतो. त्यासाठी विकतच्या प्रणालींप्रमाणे मुक्त प्रणालीही आहेत. मुक्त म्हणजे जिची मूळ लिखावट कोणीही वाचावी, दुरुस्त करावी व पुढे द्यावी अशी. मुंबईच्या फ्रापे कंपनीची ‘ईआरपीनेक्स्ट’ याच प्रकारची असून तिची लिखावट ‘गिटहब’ या संकेतस्थळावर आहे.

अशी प्रणाली अनेकांच्या मदतीने वाढते. ही मदत किती येईल, हे लिखावट कोठे ठेवली यावरही ठरते. व्यापारी बांधवांना हे वेगळे सांगायला नको. माल तोच असला तरी भरल्या बाजारातील दुकानात गिऱ्हाईक आपोआप चढते.

गिटहब २००८ मध्ये सुरू झाले. तेथे लाखो कारागिरांची खाती आधीच आहेत. लिखावटीची प्रत घ्यायची, दुरुस्ती करायची आणि मालकाकडे तपासणीला पाठवायची, ही रीत सर्वांना ठाऊक असते. म्हणूनच ‘पायथन’ या संगणक भाषेची लिखावट २०१७ मध्ये तेथे नेण्यात आली. मोठा जाणकार कोठेही पोहोचतो. पण बिलावरील एक चुकलेला मराठी शब्द सुधारणारा माणूस तेवढ्यासाठी नवे खाते उघडत नाही. आपल्यासारख्यांची मदत नेमकी येथेच अडते.

मात्र बाजार परक्याचा असतो. गूगलने आपले ‘गूगल कोड’ हे ठिकाण २०१६ मध्ये बंद केले. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराणमधील गिटहब खात्यांवर बंधने आली. ती २०२१ मध्ये परवाना मिळाल्यावर उठली. ‘नोम’ प्रकल्पाने २०१८ मध्ये गिटलॅब ही व्यवस्था स्वतःच्या सर्व्हरवर बसवली. म्हणजे रीत ओळखीची, पण जागा घरची. लिनक्सच्या गाभ्याचे काम तर आजही ई-मेलवर चालते आणि मदतनीस हजारांनी आहेत. नाव मोठे असेल तर आडगल्लीतही गर्दी होते. नवख्याला ते परवडत नाही.

तेव्हा प्रणाली निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात, असे आम्हास वाटते :

१) बाहेरच्यांच्या दुरुस्त्या खरोखर स्वीकारल्या जातात काय?

२) लिखावटीची प्रत सहज निघते, पण तक्रारी व चर्चा संकेतस्थळावरच राहतात. त्यांची नक्कल ठेवली जाते काय?

३) ठिकाण बदलले तर काम चालू राहील काय?

संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलांनीही लहान दुरुस्तीपासून सुरुवात करावी. तेथे केलेले काम नावानिशी नोंदले जाते आणि रोजगार मागताना ते दाखवता येते.