पिकलबॉलचा जागतिक प्रसार : सातारा-सांगलीच्या अनुभवाची कसोटी

एखादा खेळ लोकप्रिय होणे आणि तो आंतरराष्ट्रीय क्रीडाक्षेत्रात स्थिर होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट काही वर्षांत साध्य होऊ शकते. दुसरीला पिढ्या लागतात. अमेरिकेत उदयास आलेल्या आणि आता भारतातील शहरांतही मूळ धरू लागलेल्या पिकलबॉल या खेळाचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि धनुर्विद्या या क्रीडाप्रकारांतून सातारा व सांगली जिल्ह्यांनी जो अनुभव घेतला आहे, तो या नव्या खेळाचे भवितव्य जोखण्यास चांगलाच उपयोगी पडतो.

खेळाचे स्वरूप

पिकलबॉलचा जन्म १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर झाला. जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅक्कॅलम या तिघांनी तो आकारास आणला. जुन्या बॅडमिंटन मैदानावर घरातील मुलाबाळांना खेळता यावे, एवढाच त्यामागील हेतू होता. छिद्रे असलेला प्लॅस्टिकचा चेंडू डांबरी जमिनीवर चांगला उसळतो असे दिसून येताच त्यांनी जाळी खाली उतरवली आणि खेळाला आजचे रूप येऊ लागले.

मैदान ४४ फूट लांब व २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी मैदानाएवढेच असते. जाळी कडेला ३६ इंच व मध्यभागी ३४ इंच उंच असते. सर्व्हिस कमरेखालून करावयाची असते. सर्व्हिसनंतर दोन्ही बाजूंनी चेंडू एकेकदा जमिनीवर पडू द्यावा लागतो. जाळीलगतच्या ७ फुटांच्या पट्ट्यात उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारण्यास मनाई आहे. या नियमांमुळे केवळ शारीरिक बळाचा वरचष्मा राहात नाही. आजोबा आणि नात एकाच डावात खेळू शकतात, आणि खेळाच्या लोकप्रियतेचे खरे मर्म यातच आहे.

प्रसार आणि त्याच्या मर्यादा

१९८४ साली अमेरिकेत या खेळाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढील तीन दशके प्रसार संथ होता. २०२० नंतर मात्र तो झपाट्याने वाढला आणि २०२२ साली वॉशिंग्टन राज्याने पिकलबॉलला आपला अधिकृत खेळ म्हणून घोषित केले. भारतात सुनील वालावलकर यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत त्याचा परिचय करून दिला व २००८ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. मराठी माणसाच्या पुढाकाराने हा खेळ देशात आला, ही नोंद येथे आवश्यक आहे.

तथापि, खेळाडूंची संख्या हा आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठेचा एकमेव निकष नव्हे. पूर्वीच्या ऑलिंपिक सनदेनुसार पुरुषांचा खेळ किमान चार खंडांतील ७५ देशांत आणि महिलांचा खेळ तीन खंडांतील ४० देशांत रुजलेला असावा लागे. पुढे ही पद्धत बदलली. परंतु व्यापक प्रसार, एकमुखी जागतिक संघटना, समान नियम आणि उत्तेजक द्रव्यविरोधी नियमांचे पालन यांचे महत्त्व कमी झालेले नाही. पिकलबॉलच्या बाबतीत जागतिक प्रतिनिधित्वाचा दावा एकाहून अधिक संघटनांनी केला व त्यामुळे एकीकरणाचे प्रयत्न करावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धांसाठी क्रिकेट, स्क्वॉश, लॅक्रॉस, फ्लॅग फुटबॉल व बेसबॉल-सॉफ्टबॉल यांचा समावेश मंजूर झाला. स्पर्धा अमेरिकेत होणार असूनही त्या यादीत पिकलबॉल नव्हता.

मातीपासून गादीपर्यंत

खेळाच्या या वाटचालीतील अडचणी सातारा जिल्ह्याला नव्या नाहीत. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांचा सराव मातीतला होता. गादीवरील कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवे होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनंतर, १९५२ साली, हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. अंगी कौशल्य असले तरी ज्या पृष्ठभागावर आणि ज्या नियमांनी जग खेळते, त्यांचा सराव गावातच मिळाला पाहिजे, हा या घटनेचा बोध आहे.

कबड्डीचा प्रवास अधिक बोलका आहे. हुतुतू, संजीवनी, गामिनी, अमर अशा निरनिराळ्या रीतींनी खेळल्या जाणाऱ्या या खेळाच्या नियमांना एकरूपता देण्याचा आरंभीचा प्रयत्न १९१८ साली सातारा येथे झाला. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत कबड्डी प्रदर्शनीय खेळ म्हणून आली आणि १९९० साली बीजिंग येथे तिला पदकांच्या खेळाचा दर्जा मिळाला. साताऱ्यातील त्या प्रयत्नापासून बीजिंगपर्यंत ७२ वर्षे लोटली होती.

येथे आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. १९९० ते २०१४ या काळात पुरुषांच्या कबड्डीचे सुवर्णपदक सातत्याने भारताकडे राहिले. २०१८ साली जकार्ता येथे पुरुष व महिला या दोन्ही गटांत इराणने भारताला पराभूत केले. भारताच्या दृष्टीने ती हार असली, तरी खेळाच्या दृष्टीने ती प्रगती होती. एकच देश जिंकत असेल तर तो खेळ खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय होत नाही. पिकलबॉललाही हीच कसोटी लागू आहे. अमेरिकेचे वर्चस्व मोडणारे खेळाडू आशिया व युरोपातून पुढे येतील, तेव्हा त्याचा पाया पक्का झाला असे म्हणता येईल.

खो-खो याच वाटेवर आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारताने अंतिम सामन्यात नेपाळला हरविले. हा विजय आनंदाचा आहेच. परंतु खेळ दूरच्या खंडांत रुजविण्याचे काम अद्याप बाकी आहे.

मान्यतेचे मोल

मान्यता हा शब्द कार्यालयीन वाटला, तरी त्यावर खेळाडूचे आयुष्य अवलंबून असते. साताऱ्याच्या अदिती स्वामी हिने २०२३ साली बर्लिन येथे कंपाउंड धनुर्विद्येत वयाच्या सतराव्या वर्षी वैयक्तिक जगज्जेतेपद मिळविले. त्या वेळी कंपाउंड प्रकाराला ऑलिंपिकमध्ये स्थानच नव्हते. जगात पहिली आलेल्या मुलीला ऑलिंपिकचा दरवाजा बंद होता. २०२५ साली कंपाउंड मिश्र सांघिक प्रकाराचा २०२८ च्या स्पर्धांत समावेश करण्याचा निर्णय झाला आणि ही वाट मोकळी झाली.

शालेय स्तरावरही हाच प्रश्न येतो. दहावी-बारावीच्या परीक्षेतील क्रीडा सवलतीचे गुण व शासकीय सेवेतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण हे लाभ मान्य खेळ आणि मान्य स्पर्धा यांच्याशी निगडित आहेत. म्हणून कोणत्याही नव्या खेळाकडे विद्यार्थ्यांना वळविण्यापूर्वी त्या खेळाची व स्पर्धा भरविणाऱ्या संस्थेची मान्यता जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून पडताळून पाहणे हे शिक्षकांचे कर्तव्य ठरते. प्रमाणपत्र हाती पडल्यावर ते निरुपयोगी असल्याचे कळणे, यासारखी निराशा दुसरी नाही.

गावपातळीवर काय करता येईल

पिकलबॉलची सोय करण्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. शाळेत किंवा समाजमंदिराच्या आवारात बॅडमिंटनचे सिमेंटचे मैदान असेल, तर बाह्य रेषा त्याच राहतात. केवळ आतील पट्टे निराळ्या रंगाने आखावे लागतात आणि जाळी खाली बांधण्यासाठी खांबांना जादा कड्या बसवाव्या लागतात. भोवतालची मोकळी जागा धरून सुमारे ६० फूट लांब व ३० फूट रुंद जागा पुरते. मात्र मऊ मातीवर हा चेंडू नीट उसळत नाही. त्यामुळे माण, खटाव, आटपाडी वा जत तालुक्यांतील गावांना त्यासाठी कठीण पृष्ठभाग तयार करावा लागेल. पॅडलवर चेंडू आपटल्याचा टणत्कार दूरवर जातो व त्यावरून अमेरिकेतील अनेक वस्त्यांत तक्रारी झाल्या. मैदान वर्गखोल्या व दवाखान्यापासून दूर ठेवणे श्रेयस्कर होय.

एक दक्षता विशेष महत्त्वाची आहे. खो-खोला दोन खांब आणि सपाट मैदान एवढेच लागते. एका वेळी अनेक मुले-मुली त्यात सहभागी होतात. पिकलबॉलच्या एका मैदानावर एका वेळी चौघेच खेळतात. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर यांनी शालेय वयात खो-खोपासूनच सुरुवात केली होती आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गाठली. अशी मैदाने सिमेंटखाली गेली, तर पुढची ललिता कोठे धावणार, याचा विचार ग्रामसभेने ठराव करण्यापूर्वी करावयास हवा. नवा खेळ रिकाम्या वा आधीच पक्क्या असलेल्या जागेवर यावा, जुन्या मैदानावर नव्हे.

समारोप

प्रौढांचे आरोग्य, महिलांचा सहभाग आणि कुटुंबाने एकत्र येऊन खेळण्याची सोय या दृष्टींनी पिकलबॉल आजच उपयुक्त आहे. त्यासाठी ऑलिंपिकची वाट पाहण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय स्थानासाठी मात्र एकसंध संघटना, समान नियम आणि अनेक देशांतील तुल्यबळ खेळाडू या तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतील. कबड्डीला त्यासाठी सात दशके लागली. हा हिशोब डोळ्यांसमोर ठेवून शाळा आणि पंचायतींनी नव्या खेळाचे स्वागत करावे आणि आपल्या मातीतील खेळांची जागा राखावी. दोन्ही जिल्ह्यांच्या क्रीडापरंपरेला तेच साजेसे होईल.