आधी वाघिणीचं माप, मग किट

डोंबिवलीतल्या एका हौशी मॉडेलकाराने परदेशातून ब्रिटिश रेल्वेच्या १६ टनी कोळसा-वाघिणीचा किट मागवला. त्याला हवी होती जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मालगाडी. सांगाडा जुळला, रंग चढला, कडेवर अक्षरंही उमटली. मग त्याने भारतीय मालगाडीचा समोरून काढलेला जुना फोटो शेजारी ठेवला आणि घोळ उघडा पडला. फोटोतली वाघीण रुळांवर पाय रोवून उभी होती; टेबलावरच्या वाघिणीची चाकं पोटाखाली आवळलेली.

हा घोळ कारागिरीचा नव्हता, मापाचा होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आणि १ मे १८५४ रोजी कल्याणला गाडी पोहोचली, ती १६७६ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरून. ब्रिटनचा मार्ग १४३५ मिलिमीटरचा. ब्रिटिश किट बहुधा ‘डबल ओ’ मापात, म्हणजे मूळच्यापेक्षा सुमारे ७६ पट लहान असतात आणि १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर धावतात. या मापात भारतीय ब्रॉडगेज २२ मिलिमीटर भरायला हवा. साडेपाच मिलिमीटरचा हा फरक रंगाने झाकला जात नाही. ८७ पट लहान ‘एचओ’ मापातही रुळांतलं अंतर १९.३ मिलिमीटर यायला हवं. बाजारात मिळतं ते १६.५चंच. तेव्हा तयार रुळांवर गाडी पळवायची असेल, तर ही तडजोड समजून उमजून करावी. हुबेहूब प्रतिकृती हवी असेल, तर लांब आसाची चाकं आणि रूळ स्वतः बनवण्याची तयारी ठेवूनच पैसे मोजावेत.

दुसरा प्रश्न काळाचा. कल्याणच्या लोकोशेडशी नातं असलेलं ‘खेकडा’ इंजिन १९२८च्या सुमाराचं. त्याच्यामागे त्या काळच्या चारचाकी वाघिणी शोभतात. आठ चाकांची, उघडी ‘बॉक्सएन’ १९८०च्या दशकातली. ती तिथे जोडली की साल चुकलं. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी स्थापन झाली, म्हणून तिची अक्षरं १९३०च्या देखाव्यात चालत नाहीत. एक साल ठरवावं आणि इंजिन, वाघिणी, गार्डाचा डबा सगळं त्यालाच धरून घ्यावं.

जोडणीत सर्वाधिक दगा देते ती चारचाकी चौकट. आस किंचित तिरका बसला तरी तीन चाकं टेकतात, चौथं अधांतरी राहतं आणि रुळांच्या सांध्यावर वाघीण घसरते. म्हणून चौकट सपाट काचेवर ठेवून जुळवावी. चारही चाकं काचेला टेकली आहेत याची खात्री करूनच चौकटीच्या सांध्यांना पातळ प्लास्टिक सिमेंट लावावं आणि ते पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये.

रिकामी प्लास्टिकची वाघीण फार हलकी असते. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार ‘एचओ’ वाघिणीचं वजन एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावं. पाच इंची वाघिणीला हे सुमारे १०० ग्रॅम होतं. वजनासाठी शिशाचे छर्रे बंद पोकळीत पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदाने चिकटवू नयेत. शिसं गंजून फुगतं आणि काही वर्षांनी मॉडेल उकलतं. पोलादी नट किंवा वायसर इपॉक्सीने बसवावेत.

ठाणे-कल्याणच्या पावसाळ्यात फवाऱ्याने लॅकर मारणं टाळावं. दमट हवेत त्यावर दुधी झाक येते. ब्रशने लावायचे पाण्याचे ॲक्रिलिक रंग त्या दिवसांत बरे. प्लास्टिक सिमेंट वापरताना खिडकी उघडी हवी आणि मुलं दूर.

मापं घ्यायला यार्डात किंवा रुळांत मुळीच उतरू नये. ते जिवावर बेततं आणि रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हाही ठरतं. बांधणी जवळून न्याहाळायची असेल, तर दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय गाठावं. छोट्या गाड्या धावताना पाहायच्या असतील, तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे गाडी वळणावर कशी जाते ते नीट पाहावं आणि पहिला किट चारचाकी, बंद डब्याच्या वाघिणीचाच घ्यावा.