ग्रंथ एकच, वाचन दोन

इंग्लंडमधील क्वेकरपंथीय ख्रिस्तींनी १७६१ मध्ये प्रथम आपल्याच पंथातील गुलामव्यापाऱ्यांना बहिष्कृत केले आणि मगच, १७८३ मध्ये, संसदेकडे दाद मागितली. पुढे विल्यम विल्बरफोर्स यांनी धर्मश्रद्धेच्या बळावर संसदेत दीर्घ लढा दिला. १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद झाला. १८३३ मध्ये गुलामगिरी संपवणारा कायदा झाला.

परंतु त्याच काळात बार्बाडोस बेटावर एका ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचा उसाचा मळा गुलामांच्या श्रमावर चालत होता. मळेवालेही बायबलचेच दाखले देत. अखेरीस दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली. गुलामांच्या हाती काहीच आले नाही.

ग्रंथ एकच होता. फरक नियतीचा होता. ज्यांनी आधी स्वतःचा लाभ सोडला, त्यांना त्यात न्याय दिसला.

बंधू-भगिनींनो, सूरह अल्-बलदने गुलामाची मुक्तता ही पुण्याची अवघड चढण म्हटली आहे. तरीही मुस्लिम देशांत गुलामांचे बाजार शतकानुशतके भरले. सऊदी अरबमध्ये गुलामगिरीवर बंदी आली ती १९६२ मध्ये. म्हणून इतरांच्या इतिहासात आपलाही चेहरा पाहावा. मोलकरणीची मजुरी ठरवताना, बहिणीचा वारसाहक्क देताना आपण आयत कोणासाठी वाचतो: स्वतःसाठी की हकदारासाठी?