धिंड नव्हे, स्वारी

चर्चमधल्या शब्बाथ शाळेत मी बरीच वर्षं शिकवते. बायबलमधल्या बहुतेक प्राण्यांची उत्तरं मुलांकडे तयार असतात. कोकरू म्हणजे निष्पाप, कबुतर म्हणजे पवित्र आत्मा, साप म्हणजे सैतान. गाढवापाशी मात्र वर्ग अडतो, आणि खरं सांगायचं तर मोठी माणसंही अडतात. त्या प्राण्याच्या मागे लागून जे हाती आलं, ते इथे मांडते.

१. आधी आपलं गाढव डोक्यातून खाली उतरवावं.

झावळ्यांच्या रविवारची गोष्ट सुरू झाली आणि येशू गाढवावर बसून यरुशलेमेत शिरला, असं म्हटलं की मागच्या बाकावरून खसखस पिकते. एकदा एका मुलाने सरळ विचारलं, "टीचर, धिंड काढली का त्याची?" त्याचं काय चुकलं? आपल्याकडे गाढवावर बसवतात ते तोंडाला काळं फासून. गाढवाला गुळाची चव नसते, त्याचे पाय धरायची वेळ आली तर ती अडलेल्या हरीवरच. शिलाहार-यादवकाळच्या गद्धेगाळांवर दानाची जमीन बळकावणाऱ्याला शाप म्हणून गाढव कोरलेलं आहे. पुण्यावर गाढवांचा नांगर फिरवल्याची आठवणही आपण अजून सांगतो.

हे सगळं ओझं घेऊन जुन्या करारात शिरलं की काहीच लागत नाही. तिथे 'शास्ते' या पुस्तकात याईर नावाच्या एका पुढाऱ्याचे तीस मुलगे तीस गाढवांवर बसतात आणि त्यांच्याकडे तीस गावं असतात. लेखकाला त्यांची श्रीमंती सांगायची आहे. दबोरेच्या गीतातले मातब्बर लोक पांढऱ्या गाढवांवर बसतात. बायबलबाहेरचा पुरावाही आहे. फरात नदीकाठच्या मारी या शहरात ख्रिस्तपूर्व अठराव्या शतकातली मातीच्या पाट्यांवरची पत्रं सापडली. त्यांतल्या एका पत्रात एक अधिकारी झिम्री-लिम राजाला विनवतो की महाराजांनी घोड्यावर बसू नये. पालखी आणि खेचरंच राजपदाला शोभतात. मुलांना मी हे पत्र आवर्जून सांगते. मागचा बाक गप्प होतो.

हसणारी आपलीच मुलं पहिली नाहीत, हेही सांगते. रोमच्या पॅलॅटाइन टेकडीवर 1857 मध्ये भिंतीवर ओरखडलेलं एक चित्र सापडलं. साधारण इसवी सन 200 च्या सुमाराचं मानतात. क्रुसावर एक माणूस, त्याला डोकं गाढवाचं, खाली हात वर केलेला एक भक्त आणि शेजारी मजकूर, की अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतोय. कुणीतरी बिचाऱ्याची टर उडवली होती.

२. गाढव एकटं बघू नये. शेजारी घोडा उभा करावा.

आमच्याकडच्या उपदेशांत ठरलेलं वाक्य असतं: प्रभू इतका नम्र, इतका गरीब, की घोडा सोडून गाढवावर बसला. नम्रता आहेच, जखऱ्या संदेष्ट्याने ती स्पष्ट लिहिली आहे. पण गरिबीचं मला पटत नाही. बायबलमध्ये घोडा म्हणजे रथ, आणि रथ म्हणजे लढाई. 'अनुवाद' या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजाला ताकीदच आहे की फार घोडे बाळगू नकोस आणि घोड्यांसाठी लोकांना मिसरात पाठवू नकोस.

1 राजे या पुस्तकाचा पहिला अध्याय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. दावीद म्हातारा झालाय, अंथरुणाला खिळलाय. थोरला अदोनीया स्वतःच ठरवतो की राजा मीच. तो रथ आणि स्वार जमवतो, पुढे धावायला पन्नास माणसं ठेवतो. इकडे दावीद शलमोनाला आपल्या स्वतःच्या खेचरावर बसवून गिहोन झऱ्यापाशी पाठवतो, तिथे त्याला तेलाचा अभिषेक होतो. रथवाला हरतो, खेचरवाला गादीवर बसतो. आणि मग हाच शलमोन पुढे काय करतो? मिसरातून घोडे आणवतो. दहाव्या अध्यायात भाव लिहून ठेवलाय: रथाला चांदीचे सहाशे शेकेल, घोड्याला दीडशे. ताकीद विसरायला एक पिढीसुद्धा लागली नाही.

जखऱ्याचं नववं प्रकरण लोक नवव्या ओवीपाशी सोडतात, राजा गाढवावर बसून येतो तिथे. दहावी वाचावी. त्यात एफ्राइमातले रथ आणि यरुशलेमेतले घोडे नाहीसे होतात, लढाईचं धनुष्य मोडतं आणि राष्ट्रांना शांतीचा निरोप जातो. या दोन ओव्या जोडून वाचल्या की ते गाढव राजचिन्हच ठरतं, मात्र बिनफौजेच्या राजाचं. वल्हांडणाला शहर गच्च भरलेलं, रोमन शिपायांची करडी नजर, आणि अशात येशू नेमकं ते जनावर मागवतो. जखऱ्या पाठ असलेल्यांना त्याचा अर्थ लगेच कळला असणार.

३. खरं गाढव एकदा जवळून बघून यावं.

पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो. मी पुस्तकातली गाढवं पुरेशी झाली म्हणून तिथे गेले. जबडा उघडून दात बघून वय ठरवतात: दोन दातांचं दुवान, चार दातांचं चौवान. गावठीपेक्षा काठेवाडी उंच आणि महाग. एका राखाडी जनावराच्या पाठीवरून शेपटीपर्यंत काळी रेघ होती आणि खांद्यांवरून तिला छेदणारी दुसरी. सरळ सरळ क्रूस. येशूला वाहून नेलं म्हणून ही खूण मिळाली, अशी युरोपात जुनी समजूत आहे. आफ्रिकेतल्या रानगाढवांच्या वंशात ती रेघ येशूच्या कितीतरी आधीपासून आहे, पण गोष्ट गोड आहे, मी मोडत नाही.

तिथे एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, गाढव इतकं हट्टी का असतं? ते म्हणाले, "हट्टी न्हाय बाई. घोडं भ्यालं की पळतं, हे भ्यालं की थांबतं. थांबलं की मारायचं न्हाय, म्होरं काय हाय ते बघायचं."

बलामाच्या गाढवीवर याहून चांगलं भाष्य मी ऐकलेलं नाही. 'गणना' या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात मवाबाचा राजा बालाक इस्राएलाला शाप द्यायला बलामाला बोलावतो. वाटेत तलवार उपसून देवदूत उभा. द्रष्टा म्हणून ज्याची ख्याती, त्या बलामाला तो दिसत नाही, गाढवीला दिसतो. पहिल्यांदा ती शेतात वळते. दुसऱ्यांदा द्राक्षमळ्यांच्या दोन भिंतींमधल्या बोळात अंग चोरते आणि बलामाचा पाय भिंतीला चेंगरतो. तिसऱ्यांदा वळायला जागाच नसते, तेव्हा खाली बसते. दर वेळी मार खाते. मग तिला वाचा फुटते आणि ती विचारते ते अगदी घरच्या माणसासारखं, की इतकी वर्षं तुझी आहे, मी कधी असं वागले होते का? बलामाला 'नाही' म्हणावं लागतं. रेम्ब्रांटने 1626 मध्ये हा प्रसंग रंगवला, त्यात तिचं उघडं तोंड बघावं. बलाम हे नावही निव्वळ गोष्टीतलं नव्हे. जॉर्डनमध्ये दैर अल्ला इथे 1967 साली गिलाव्यावरचा एक प्राचीन लेख सापडला, त्यात बौराचा मुलगा बलाम हा देवांची दर्शनं पाहणारा म्हणून येतो.

४. प्राण्यांचा शब्दकोश करू नये.

सिंह म्हणजे ख्रिस्त, असं प्रकटीकरणावरून लिहून घ्याल, तर पेत्राच्या पत्रात सैतानच गर्जणारा सिंह आहे. साप एदेनात घात करतो, मोशेच्या काठीवर पितळेचा होऊन लोकांना वाचवतो. गाढवाचंही तसंच. यहोयाकीम राजाला यिर्मया बजावतो की तुला गाढवाची मूठमाती मिळेल, म्हणजे फरफटत वेशीबाहेर फेकतील. शोमरोनाला वेढा पडला तेव्हा गाढवाचं नुसतं डोकं ऐंशी शेकेल चांदीला विकलं गेलं, आणि गाढव तर खायला निषिद्ध. तिथे ते कसलं प्रतीक वगैरे नाही, ती भूक आहे.

५. गव्हाणीतलं गाढव शुभवर्तमानात नाही.

लूक आणि मत्तय दोघेही गोठ्यातल्या जनावरांबद्दल गप्प आहेत. बैल आणि गाढव आले ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून, जिथे जनावरं धनी ओळखतात आणि माणसं ओळखत नाहीत. फ्रान्सिस ऑफ असिसीने 1223 च्या नाताळात ग्रेचो गावी खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं. आमच्या देखाव्यातलं गाढव मी तरीही काढत नाही.

६. कायद्याचे रुक्ष अध्याय वगळू नयेत.

शब्बाथ बैल आणि गाढवालाही आहे. बैल आणि गाढव एका नांगराला जुंपायचे नाहीत. आणि 'निर्गम' या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात आहे, तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर पुढे जायचं नाही, हात द्यायचा. शत्रूवर प्रीती करा हे मुलांना हवेत वाटतं. शत्रूच्या गाढवाला उठवा, हे लगेच कळतं. कारण ओझं उतरवताना दोघांना समोरासमोर उभं राहावं लागतं.

७. गाढव कुणाचं, हे विचारावं.

हा धागा मला सगळ्यांत उशिरा सापडला आणि आता तोच सगळ्यांत जास्त आवडतो. लोक शमुवेलाकडे राजा मागतात तेव्हा तो सावध करतो: राजा तुमचे नोकर नेईल, गाढवं नेईल, आपल्या कामाला लावेल. पुढे निरोप घेताना तो भर सभेत हिशेब मागतो, की मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं? मोशेनेही देवासमोर हेच म्हटलं होतं, यांचं एक गाढवसुद्धा मी घेतलेलं नाही. चांगल्या सत्तेची कसोटी म्हणून याहून नेमकं काही मला माहीत नाही. गरिबाच्या घरचं तेच तर चालतं-फिरतं भांडवल.

आता मार्काचा अकरावा अध्याय काढावा. शिष्य दारात बांधलेलं शिंगरू सोडू लागतात, तेव्हा तिथे उभी असलेली माणसं अडवून विचारतात, हे काय चाललंय? येशूने उत्तर आधीच शिकवून ठेवलंय: प्रभूला याची गरज आहे, आणि तो ते लगेच इकडे परत पाठवील. राजा येतोय आणि गाढव उसनं घेतोय, परत करायच्या बोलीवर. ते परत पोचलं का, हे मार्क लिहीत नाही. धिंडीबद्दल विचारणाऱ्या मुलांना मी हल्ली हाच प्रश्न घरी घेऊन जायला सांगते.