फॅरेडेची तबकडी : घरी करून पाहण्याचे जनित्र



सायकलच्या डायनॅमोत तारेचे वेटोळे आणि चुंबक असतो, हे तुम्हाला माहीत आहे. पण वेटोळ्याशिवायही वीज निर्माण करता येते. तांब्याची एक गोल तबकडी, एक चुंबक आणि तबकडीला टेकवलेल्या दोन तारा एवढ्यावर चालणारे एक जनित्र आहे. त्याला होमोपोलर, म्हणजेच एकध्रुवी जनित्र म्हणतात. या लेखात आपण ते तयार करू, त्यावर तीन प्रयोग करू आणि त्याच्याबद्दल नेहमी कानावर येणारा एक मोठा दावा हिशेबाने तपासून पाहू.

थोडा इतिहास

फ्रान्समधील अरागो या शास्त्रज्ञाला १८२४ च्या सुमारास एक गंमत दिसली. तांब्याची तबकडी फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसूचीही तिच्यामागे फिरू लागते. तांबे तर चुंबकाला चिकटत नाही, मग हे कसे? उत्तर मिळाले १८३१ मध्ये. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मायकेल फॅरेडेने रॉयल सोसायटीच्या मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये सुमारे १२ इंच व्यासाची तांब्याची तबकडी फिरवली. एक तार आसाला व दुसरी कडेला टेकवताच विद्युतप्रवाह मिळाला. यंत्राच्या फिरण्यातून सतत एकाच दिशेने वाहणारा प्रवाह देणारे हे पहिले जनित्र होय.

साहित्य आणि मांडणी

मधोमध भोक असलेला ५० मिलिमीटर व्यासाचा निओडिमियम चुंबक, तेवढ्याच व्यासाची तांब्याची तबकडी (तांबटाकडून कापून मिळते), पितळी बोल्ट व नट, जाड पुठ्ठा, लाकडी ठोकळा, वेग कमीजास्त करता येणारे ड्रिल मशीन आणि २०० मिलिव्होल्टची पायरी असलेला मल्टिमीटर. बोल्ट पितळीच घ्यावा. लोखंडी बोल्ट चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे ओढून घेतो.

तारा टेकवण्यासाठी बारीक धाग्यांची तांब्याची तार मोकळी करून तिचा ब्रशसारखा झुपका करा आणि कपड्याच्या चिमट्याने धरा. एक झुपका तबकडीच्या कडेला, दुसरा आसाजवळ. मोटारीतले कार्बनचे ब्रश येथे उपयोगाचे नाहीत. प्रवाह वाहू लागला की त्यांच्या टोकाशीच सुमारे १ व्होल्ट खर्च होऊ शकतो, आणि आपल्याकडे तर मिलिव्होल्टच असणार आहेत. जुन्या काळी अशा प्रयोगांत पारा वापरत. पाऱ्याची वाफ विषारी असते, म्हणून त्याचा विचारही करू नका.

सूचना : ड्रिल मोठ्या माणसांनीच चालवावे, ते शिकंज्यात घट्ट बसवावे आणि सर्वांनी चष्मा लावावा. निओडिमियमचे दोन चुंबक एकमेकांवर आदळले तर बोट चेचते व तुकडे उडतात. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींनी दूर राहावे.

किती व्होल्ट मिळतील?

सूत्र सोपे आहे :

विद्युतचालक बल = ½ × चुंबकीय क्षेत्र × कोनीय वेग × त्रिज्येचा वर्ग

क्षेत्र ०.२ टेस्ला धरू. मिनिटाला १२०० फेरे म्हणजे सेकंदाला २० फेरे; कोनीय वेग सुमारे १२६ रेडियन प्रतिसेकंद. त्रिज्या ०.०२५ मीटर. गुणाकार केला की उत्तर येते सुमारे ०.००८ व्होल्ट, म्हणजे ८ मिलिव्होल्ट. प्रत्यक्षात तबकडी व चुंबक यांच्यात फट असते आणि क्षेत्र सगळीकडे सारखे नसते, म्हणून आकडा याहून कमी येईल.

एक काळजी घ्या. घासणीने ब्रश तापतो आणि दोन वेगळे धातू जेथे भेटतात तेथे उष्णतेमुळेही थोडा व्होल्टेज तयार होतो. तो ओळखायचा कसा? ड्रिल उलटे फिरवा. खऱ्या विद्युतचालक बलाचे चिन्ह बदलते, उष्णतेच्या व्होल्टेजचे बदलत नाही. दोन्ही वाचनांची वजाबाकी करून २ ने भागा, म्हणजे शुद्ध आकडा मिळेल.

तीन प्रयोग

१) चुंबक ठोकळ्यावर स्थिर ठेवा आणि तबकडी फिरवा. मीटर वाचन दाखवतो.

२) तबकडी पट्टीला बांधून स्थिर ठेवा आणि चुंबक फिरवा. आतली तार तबकडीच्या भोकाच्या कडेलाच जोडा, फिरत्या बोल्टला नव्हे. मीटर शून्यावर राहतो.

३) मध्ये पुठ्ठा घालून चुंबक व तबकडी एकाच बोल्टवर कसा आणि दोन्ही एकत्र फिरवा. फट पहिल्या प्रयोगाइतकीच ठेवा. आता काय होईल? दोघांमध्ये सापेक्ष गती नाही, म्हणून शून्य, असे बहुतेक जण म्हणतात. पण मीटर जवळजवळ पहिल्याइतकेच वाचन दाखवतो!

यालाच फॅरेडेचा विरोधाभास म्हणतात. उलगडा असा : गोल, सम चुंबक आपल्याच आसाभोवती फिरला तरी त्याचे क्षेत्र जसेच्या तसे राहते. बल मिळते ते क्षेत्रातून सरकणाऱ्या तबकडीतल्या इलेक्ट्रॉनांना, आणि मीटरच्या तारा मात्र स्थिर असतात. म्हणून प्रश्न विचारायचा तो 'तारांच्या तुलनेत तबकडी फिरते का?' असा. मीटर व ताराही तबकडीबरोबर फिरवल्या तर वाचन शून्य येईल.

जास्तीची वीज मिळते का?

चुंबक तबकडीबरोबरच फिरतो, म्हणून यंत्राला विरोध होत नाही आणि घातलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त वीज मिळते, असे दावे गेली अनेक वर्षे होत आले आहेत. त्यापायी लोक कष्टाचा पैसाही घालतात. आपण पाटीवर हिशेब मांडू.

समजा मंडलातून १ अँपिअर प्रवाह वाहतो. मिळणारी शक्ती ८ मिलिव्होल्ट × १ अँपिअर = ८ मिलिवॅट. आता या प्रवाहामुळे तबकडीला उलट पिळणारा जोर :

½ × क्षेत्र × प्रवाह × त्रिज्येचा वर्ग = ०.००००६२५ न्यूटन-मीटर

त्याला कोनीय वेगाने गुणले की तबकडी फिरती ठेवण्यासाठी लागणारी शक्ती मिळते. तीही ८ मिलिवॅटच येते! दोन्हीकडे ½, क्षेत्र आणि त्रिज्येचा वर्ग तेच आहेत, त्यामुळे ही बरोबरी कोणत्याही आकाराच्या तबकडीला लागू पडते. जितके द्याल तितकेच मिळेल. घर्षण आणि तारा तापणे यांत जाईल ते वेगळेच.

मग विरोध जाणवत का नाही? कारण ड्रिल काहीशे वॅट खाते आणि त्यात ८ मिलिवॅटची भर कोणत्याही घरगुती मीटरवर दिसत नाही. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. शिवाय ८ मिलिव्होल्टमधून १ अँपिअर काढायला सगळ्या मंडलाचा रोध ०.००८ ओहमपेक्षा जास्त चालत नाही. झुपक्याच्या ब्रशने हे साधणे फार कठीण असते.

याचा अर्थ हे जनित्र निरुपयोगी आहे, असे नाही. व्होल्टेज थोडा पण प्रवाह प्रचंड, हे त्याचे वैशिष्ट्य. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे मार्क ओलिफंट यांच्या पुढाकाराने उभारलेले असे जनित्र १९६० च्या दशकात सुरू झाले. त्याच्या फिरत्या चाकांत ५०० मेगाज्यूल ऊर्जा साठत असे आणि लाखो अँपिअरचे झटके त्यातून मिळत. पण तीही ऊर्जा आधी मोटारीने चाकांत भरलेलीच असे.

सोडवून पाहा

१) वेग मिनिटाला २४०० फेरे केला तर किती मिलिव्होल्ट मिळतील?

२) वेग व क्षेत्र तेच ठेवून त्रिज्या दुप्पट केली तर?

३) चुंबक उलटा बसवला आणि ड्रिलही उलटे फिरवले, तर चिन्ह बदलेल का?

उत्तरे वहीत कारणांसह लिहा आणि नंतर प्रयोगाने ताडून पाहा. वाचन सूत्राशी जुळले नाही, तरी ते खोडू नका; जसे आले तसेच लिहा व फरकाचे कारण शोधा.