उत्तर कोणाच्या नियमाने आलं?

जेसन डेटातून हवा तो भाग वेचणाऱ्या जेसनपाथची एक्स्प्रेशन तपासून देणारं ऑनलाइन टूल बांधायला घेताना वर डेटा, मध्ये एक्स्प्रेशन आणि खाली उत्तर एवढं पान उभं राहिलं की काम संपलं, असं वाटतं. तिथवरचं काम तयार लायब्ररीच करते. ते उत्तर कोणाच्या नियमाने निघालं हे पानावर दिसत नसेल, तर टूल नसलेलं बरं, असं माझं मत आहे. स्टेफान गॉस्नर यांनी 2007 मध्ये जेसनपाथ मांडलं ते एका लेखातून. त्याचं प्रमाणित रूप, आरएफसी 9535, आलं थेट फेब्रुवारी 2024 मध्ये. मधल्या काळात संदिग्ध जागा प्रत्येक लायब्ररीने आपल्या मनाने भरल्या. यादीतला शेवटचा घटक मिळवायला मूळ लेखात ‘लांबी वजा एक’ असं स्क्रिप्ट लिहिलेलं आहे. आरएफसीत ते बाद झालं आणि नुसतं उणे एक चालू लागलं. नसलेली ‘की’ मागितली, तर आरएफसीनुसार रिकामी यादी येते. जावातली जेवे लायब्ररी साध्या पाथसाठी मूळ सेटिंगनुसार एक्सेप्शन फेकते. म्हणजे तुमच्या पानावर बिनतक्रार चाललेली ओळ दुसऱ्याच्या सर्व्हरवर कोसळू शकते. म्हणून इंजिनचं नाव आणि आवृत्ती उत्तराला खेटून छापा, आणि ‘काही सापडलं नाही’ व ‘एक्स्प्रेशनच चुकलं’ हे दोन निरोप कधीही एकसारखे दिसू देऊ नका.

लोकांना झटपट उत्तर हवं असतं, त्यांच्या माथी आवृत्त्यांचा घोळ कशाला, असं कुणी म्हणेल. पण निवड दाखवली नाही तरी ती झालेली असतेच, फक्त वापरणाऱ्याच्या नकळत. मग सगळीच इंजिनं का देऊ नयेत? द्या, पण ज्यांची देखभाल झेपेल तेवढीच. जुनाट इंजिनचं उत्तर जास्तच फसवं.

हिशेब कुठे करायचा, सर्व्हरवर की ब्राउझरमध्ये, हा प्रश्न अधिक अवघड. लोक अशा पानांवर खरा डेटा बिनदिक्कत चिकटवतात, ग्राहकांची नावं आणि टोकनसुद्धा. तेव्हा सगळं ब्राउझरमध्येच चालवावं, हे उघड आहे. मात्र तिथला नेहमीचा जेसन पार्सर 9007199254740993 हा आकडा वाचतो आणि शेवटी 3 ऐवजी 2 ठेवतो; एकच ‘की’ दोनदा आली तर पहिली किंमत निमूट टाकून देतो. एक्स्प्रेशन बरोबर, पण तपासलेला डेटाच वेगळा! असे आकडे आणि कीज आधी हेरून इशारा द्यायला हवा.

शेअर करण्याची लिंक सगळ्यांनाच हवीशी वाटते, आणि खरा धोका तिथे आहे. जुन्या वळणाच्या काही लायब्ररी फिल्टरमधला मजकूर सरळ जावास्क्रिप्ट म्हणून चालवतात. शेअर केलेली लिंक उघडताच तिच्यातलं एक्स्प्रेशन आपोआप चाललं, तर परक्याचा कोड तुमच्या पानावर चालतो. फिल्टरसाठी स्वतंत्र पार्सर असलेलीच लायब्ररी घ्या, लिंकमधला मजकूर हॅशच्या पुढे ठेवा म्हणजे तो सर्व्हरकडे जाणार नाही, आणि ‘चालवा’ हे बटण वापरणाऱ्यालाच दाबू द्या.